भाटाच्या (आपल्या माडांच्या जागेच्या) सहीबद्दल

प्रिय अमेय,

परवा फोनवर तुझं सगळं ऐकून घेतलं, घरात माणसं होती म्हणून बोलले नाही. ग्रामसभेतला माझा व्हिडिओ फिरतोय आणि तुला मित्रांसमोर लाज वाटली म्हणालास. बरं. पण आई ओरडली कशासाठी ते विचारलं नाहीस.

अरे, आपल्या गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर थंडीपासून कासवं अंडी घालायला येतात हे तुला काय सांगू, लहानपणी तूच फॉरेस्टवाल्यांच्या जाळीपाशी तासन्‌तास बसायचास. पिल्लं रात्री वाळूतून वर आली की जिकडे उजेड तिकडे सुटतात, पूर्वी उजेड असायचा तो समुद्राचाच, आता मागे शॅकचे, त्या किनाऱ्यावरच्या खानावळींचे, फोकस नि रिसॉर्टच्या लाइटच्या माळा, त्यामुळे ती उलटी माडांकडे येतात आणि सकाळी कुत्र्याकावळ्यांचं फावतं. २०११च्या सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेत मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग अशी नावं घालून लिहिलंय की ही कासवांची ठिकाणं, इथे बांधकाम-विकास चालणार नाही, वाळूच्या टेकड्यांना हात लावायचा नाही. मी तेच वाचून दाखवलं आणि विचारलं, मग ती टेकडी सपाट करून वर लाकडी डेक कसा आला, परवाना दाखवा. त्यावर एक जण उठून म्हणतो, "वहिनी, तुमच्याही खोल्या टुरिस्टांनाच जातात ना?" जातात की! मी कुठे नाही म्हणते? त्या भाड्यावरच तुझी फी भरली. पण खोल्या देणं वेगळं नि किनारा विकणं वेगळं, एवढं तरी कळायला नको?

आणि पाणी. आजूबाजूचे बोअर दिवसभर खेचतात, गोडं पाणी उपसलं की खाली समुद्राचं आत सरकतं. आपली विहीर यंदा मार्चातच मचूळ झाली, चहा फाटतो.

मोपा विमानतळ २०२३ला सुरू झाल्यापासून दलालांची वर्दळ वाढलीय, तुझ्याकडेही कोणीतरी पोचलेला दिसतोय. भाट लीजवर द्यायचं तुझ्या डोक्यात असेल तर काढून टाक. कागदावर सही माझी लागते.

त्यापेक्षा एक काम कर. सर्व्हे प्लॅनचा फोटो पाठवतेय, तो डेक भरतीरेषेपासून किती आत येतो ते नीट मोजून लिहून दे. आकडे मीटरमध्ये हवेत. रविवारी परत सभा आहे.

आई