बोल्टवरचा ‘एफ’ घासू नका

महोदय,

परवा नागपूरच्या सदर भागात जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात एका लष्करी जीपवर ‘विलीज, १९४२’ अशी पाटी पाहिली. कामठी रोडवर ४० वर्षं गाड्या दुरुस्त केल्यात, राहवलं नाही, वाकून बघितलं. रेडिएटरखालचा आडवा दांडा उलट्या पन्हाळीसारखा होता. विलीजचा गोल नळीचा असतो. बोल्टच्या डोक्यावरची माती बोटानं पुसली, तर उठावाचा ‘एफ’! गाडी फोर्डची, त्यांचं जीपीडब्ल्यू हे मॉडेल. महायुद्धात दोन्ही कारखान्यांनी एकाच आराखड्यावर जीप बांधल्या, फोर्डने पावणेतीन लाखांवर. मालकांना हात जोडून विनंती, रंगकामाच्या वेळी जुने बोल्ट भंगारात टाकू नका. आयोजकांनी ती पाटी तेवढी बदलावी.

– एक निवृत्त मेकॅनिक, गड्डीगोदाम, नागपूर