कॉन्फरन्सला जाणाऱ्या पोरांकडे सर्टिफिकेट मागू नका, हजेरी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या जिल्हा पुरवणीत इंजिनिअरिंग कॉलेजांच्या ‘औद्योगिक भेटी’ची बातमी दर आठवड्याला एखादी तरी असतेच. मागं बॅनर, पुढं प्राचार्य, एचओडी, संस्थेचे कोणीतरी पदाधिकारी आणि शेवटच्या रांगेत टाचा उंचावून उभी राहिलेली पोरं. माझी त्याला काही हरकत नाही, काढा की फोटो. पण त्याच कॉलेजांमधली चार-दोन पोरं स्वतःच्या खिशातून तिकीट काढून ओपन सोर्सच्या (म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता, बदलता येतो अशा सॉफ्टवेअरच्या) कॉन्फरन्सला जाऊन येतात आणि परत आल्यावर त्यांची काय गत होते ते कुणी छापत नाही, म्हणून हे पत्र लिहितोय. जरा लांबलंय, कापायचं तिथं कापा.

माझ्या ओळखीचा एक सेकंड इयरचा मुलगा आहे, कॉलेजचं नाव लिहीत नाही कारण त्याला अजून तिथंच दिवस काढायचेत. २०२४ च्या फेब्रुवारीत केडीईवाल्यांची भारतातली कॉन्फरन्स पुण्यात सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजात झाली, २ ते ४ तारीख, म्हणजे शुक्रवार ते रविवार. हा शुक्रवारचं प्रॅक्टिकल बुडवून गेला. सोमवारी कॉलेजात विचारणा झाली, कुठं होतास? याने सांगितलं. तर म्हणे शिक्का मारलेलं सर्टिफिकेट दाखव. त्याच्याकडे काय होतं, गळ्यातला बॅज आणि लॅपटॉपवर चिकटवलेला स्टिकर. झालं, गैरहजर. पंचाहत्तर टक्क्यांच्या हिशोबात बसेना म्हणून पुढं डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव आणि घरी फोन, की तुमचा मुलगा लेक्चर बुडवून फिरायला जातो. आई बिचारी घाबरली. आता गंमत बघा, हे केडीई म्हणजे लिनक्स या विंडोजसारख्या पण ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमवरचा डेस्कटॉप, क्रिटा, केडेनलाइव्ह, ऑक्युलर असली सॉफ्टवेअर बनवणारी मंडळी, आणि हा प्रोजेक्ट १९९६ मध्ये सुरू केला तो जर्मनीतल्या ट्युबिंगन विद्यापीठात शिकणाऱ्या माथियास एट्रिख नावाच्या एका विद्यार्थ्याने. लिनक्सचंही तेच, लिनस टॉरवल्ड्सने १९९१ मध्ये ते जाहीर केलं तेव्हा तो हेलसिंकीत शिकत होता, वय एकवीस. म्हणजे ज्या क्षेत्रात विद्यार्थ्यांनी पाया घातला तिथं विद्यार्थी गेला तर आपल्याकडे फिरायला गेला असं धरतात!

आता कोणी म्हणेल, भाषणं तर सगळी यूट्यूबवर येतात, घरी बसून बघा की. बरोबर आहे, येतात. ब्रसेल्सला दरवर्षी जानेवारीअखेर नाहीतर फेब्रुवारीच्या सुरुवातीला फॉसडेम नावाची ओपन सोर्सची कॉन्फरन्स भरते, तिथल्या विद्यापीठाच्या आवारात दोन दिवस हजारो लोक जमतात, तिकीट नाही, नावनोंदणीसुद्धा नाही, सरळ आत जायचं, आणि भाषणांची रेकॉर्डिंग नंतर फुकट नेटवर. सांगलीत बसून सगळी बघता येतात, मी बघतो. पण कॉन्फरन्सला जायचं ते भाषणासाठी नाहीच मुळी, जायचं ते बाहेरच्या पॅसेजसाठी. त्याला ते लोक गमतीने हॉलवे ट्रॅक म्हणतात. भाषण संपल्यावर चहाच्या टेबलाशी जे घोळके जमतात तिथं खरं काम चालतं. एखाद्या पोराने घरी बसून पॅच, म्हणजे कोडमधली छोटी दुरुस्ती, पाठवलेला असतो, महिना झाला तरी कोणी बघितलेला नसतो, त्याला वाटतं आपलं काहीतरी चुकलं किंवा आपल्याला कोणी विचारत नाही. आणि समोर कोण असतो, तर नोकरी सांभाळून रात्री अकराला, लेकरं झोपल्यावर तो प्रोजेक्ट बघणारा माणूस, ज्याच्याकडे असले ढीगभर पॅच पडून आहेत. ती दोघं समोरासमोर आली की तो म्हणतो, उघड लॅपटॉप, बघू. दहा मिनिटांत समजतं की दुरुस्ती तपासणारी टेस्ट लिहिली नव्हती, एवढंच. मग ते पोरगं पुढच्या वेळी मेसेज करतं तेव्हा पलीकडच्याला चेहरा आठवतो. ओपन सोर्समध्ये काम करायला मानधन देणारा गूगल समर ऑफ कोड हा उपक्रम २००५ पासून चालू आहे, त्याला प्रपोजल टाकणारी पोरं हजारोंनी असतात, त्यात मेंटॉर लोक आधीपासून प्रोजेक्टमध्ये वावरणाऱ्याकडे जास्त विश्वासाने बघणार की शेवटच्या दिवशी पीडीएफ चिकटवणाऱ्याकडे, हे काय वेगळं सांगायला पाहिजे का.

पण पोरांचंही सांगतो, सगळा दोष कॉलेजवर ढकलून चालणार नाही. टीपीओ (नोकऱ्या-प्लेसमेंट बघणारे) सर व्याख्यानात सांगतात ‘नेटवर्किंग करा, नेटवर्किंग करा’ आणि मग ही पोरं हॉलमध्ये शिरल्या शिरल्या लिंक्डइनचा क्यूआर कोड पुढं करत सुटतात, समोरचा माणूस कोण, काय करतो याचा पत्ता नाही, सेल्फी, ‘सर रेफरल मिळेल का’, आणि मग टी-शर्ट अन् स्टिकरच्या टेबलाकडे धाव. लग्नाला जाऊन नवरा-नवरीला न भेटता पंगतीत जेवून परत यावं तसला प्रकार. ह्याने आपली बदनामी झालीय हो, उगाच म्हणत नाही. २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट नावाच्या उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट (आपला बदल प्रोजेक्टमध्ये घ्या अशी विनंती) केल्या की टी-शर्ट मिळायचा, आपल्याकडच्या एका यूट्यूब व्हिडिओत ते कसं करायचं ते दाखवलं आणि जगभरच्या प्रोजेक्टवर ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ एवढे दोन शब्द रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये घुसडलेल्या रिक्वेस्टचा पूर आला. शेवटी आयोजकांना मधेच नियम बदलावा लागला, की ज्या प्रोजेक्टला भाग घ्यायचाय त्यांनी स्वतःहून तसं सांगायचं. त्यातून धडा घ्यावा तर २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस जेएस (वेबसाइट बनवायला वापरतात ते सॉफ्टवेअर) वाल्यांच्या रीडमीत लोकांनी आपापली नावं टाकायला सुरुवात केली, पुन्हा शिकवणीच्या व्हिडिओत बघूनच. आता अशा मेंटेनरला, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या माणसाला, आपल्याकडचं प्रामाणिक पोरगं भेटायला गेलं तर तो आधी दोन हात लांबच उभा राहणार, त्याची तरी काय चूक.

म्हणून मला कोणी विचारलं की कॉन्फरन्सला जाऊन बोलायचं काय, तर मी म्हणतो, जायच्या आधी एक छोटं काम करून जा. रोज वापरतोस त्या सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी खटकत असेल, त्याचा नीट बग रिपोर्ट लिही, कुठलं व्हर्जन, काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं. कोड येत नसेल तर मराठी भाषांतर कर, फायरफॉक्सचं पॉन्टून नावाच्या साइटवर चालतं, लिबरऑफिसचं वेबलेटवर, दोन्ही ब्राउझरमध्येच होतं, काही इन्स्टॉल करायला नको. एवढं केलं की बोलायला विषय आपोआप मिळतो, ‘सर रेफरल’ म्हणायची वेळच येत नाही. आणि घोळक्यात शिरायची लाज वाटत असेल तर एक सांगतो, एरिक होल्शर नावाच्या माणसाने पॅकमॅन रूल म्हणून एक पद्धत सांगितली, पुष्कळ कॉन्फरन्समध्ये आता ती पाळतात. गोल करून उभं राहताना एका माणसाची जागा मोकळी ठेवायची, पॅकमॅनच्या उघड्या तोंडासारखी, म्हणजे नवीन माणसाला कळतं की इथं येऊन उभं राहिलं तरी चालतंय. इंग्रजीचं पण फार मनावर घेऊ नका, बेंगळुरूच्या कॉन्फरन्सला सुद्धा पॅसेजमध्ये मराठी ऐकू येतंच, पुणे-मुंबईची माणसं कमी नसतात तिथं.

आपल्याकडे हे सगळं नवीन आहे असंही नाही. पुण्यात सिम्बायोसिसच्या कॉम्प्युटर स्टडीजच्या पोरांनी २००३ पासून पुणे लिनक्स युजर्स ग्रुपला सोबत घेऊन जीएनयूनिफाय नावाचं ओपन सोर्स संमेलन भरवलं, रजिस्ट्रेशनपासून खुर्च्या लावण्यापर्यंत विद्यार्थीच. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची कॉन्फरन्स, पायकॉन इंडिया, २०११ ला पुण्यात झाली. आयआयटी मुंबईत शास्त्रीय कामासाठी पायथन वापरणाऱ्यांची सायपी इंडिया व्हायची, २०१६ ला डेबियन या लिनक्सच्याच एका प्रकारावर काम करणाऱ्यांची मिनीडेबकॉन्फ पण तिथंच झाली. फॉस युनायटेड या ओपन सोर्सवाल्यांच्या संस्थेचे मीटअप, म्हणजे छोटे मेळावे, मुंबई-पुण्यात होतात. पण यादी नीट बघा, सगळं पुणे नाहीतर मुंबई! लातूर, चंद्रपूर, कुडाळ इकडच्या पोराने काय करायचं? तिकडं केरळात शाळेपासूनच लिनक्स, सरकारी शाळांचा आयटी विषय मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवतात, कालिकतच्या एनआयटीत पोरं २००५ पासून फॉसमीट हे ओपन सोर्स संमेलन भरवतायत, आणि मग २०२३ ला डेबियनची जागतिक कॉन्फरन्स, डेबकॉन्फ, भारतात आली ती कुठं, तर कोचीला. हा योगायोग नाही. मुंबईत कंपन्यांचा कारभार सांभाळणारं ईआरपीनेक्स्टसारखं जगभर वापरलं जाणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर तयार झालं, म्हणजे आपल्याकडे डोकी नाहीत असं कोण म्हणेल, पण कॉलेज पातळीवर आपण ढिले पडलो.

बाहेर जायचं म्हटलं की पहिला प्रश्न पैशाचा. घरची परिस्थिती सगळ्यांची सारखी नसते. तरी आमच्या बाजूच्या पोरांना बेंगळुरू तसं सोपं आहे, दुपारी मिरजेला राणी चन्नम्मा एक्सप्रेस धरायची, सकाळी तिथं. व्हॉलंटिअर म्हणून नाव दिलं तर बहुतेक ठिकाणी तिकीट लागत नाही आणि खरं सांगायचं तर व्हॉलंटिअरचीच सगळ्यात जास्त लोकांशी ओळख होते, रजिस्ट्रेशनच्या टेबलावर बसलं की प्रत्येक जण समोरून जातोच. डेबकॉन्फला प्रवास, जेवण, राहणं यासाठी बर्सरी, म्हणजे आर्थिक मदत, मिळते, पायकॉन इंडियात आर्थिक मदतीची सोय असते, फक्त अर्ज काही महिने आधी करावा लागतो आणि आपण काय काम केलंय ते लिहावं लागतं. इथंच आपली पोरं मागं पडतात, कारण तारीख गेल्यावर कळतं. तारखांचा आणखी एक घोळ म्हणजे इंडियाफॉस, फॉस युनायटेडची कॉन्फरन्स. २०२४ मध्ये ती बेंगळुरूला ७ आणि ८ सप्टेंबरला होती आणि ७ ला गणेश चतुर्थी! आता महाराष्ट्रातलं पोरगं घरचा गणपती सोडून जाणार कसं, आईने घरात घेतलं नसतं. आयोजकांनी कॅलेंडर बघताना आमच्या बाप्पाकडे पण जरा बघावं, ही गमतीत नाही, खरंच विनंती आहे.

मुलींचा प्रश्न अजून वेगळा. मुलगे चार जण मिळून जनरलच्या डब्यातून पण जातील, मुलीला घरून विचारतात सोबत कोण, राहणार कुठं, रात्री किती वाजता सुटतं. हे प्रश्न चुकीचे नाहीत, बापाच्या जागी मी असतो तर मी पण विचारले असते. पण त्याचं उत्तर ‘मग जाऊच नको’ हे नाही ना. कॉलेजातल्या एखाद्या मॅडम सोबत गेल्या, त्यांची ऑन ड्युटी लागली, राहण्याची सोय आधी ठरली, की अर्धे प्रश्न तिथंच मिटतात. चांगल्या कॉन्फरन्सला कोड ऑफ कंडक्ट असतो, तक्रार कुणाकडे करायची त्यांची नावं-नंबर वेबसाइटवर असतात, ते आई-वडिलांना मराठीत समजावून सांगितलं तर त्यांनाही धीर येतो. आउटरीची नावाची इंटर्नशिप तर अशांसाठीच आहे ज्यांना या क्षेत्रात डावललं जातं, २०१० ला ग्नोम या लिनक्सवरच्या दुसऱ्या डेस्कटॉपवाल्यांनी ती बायकांसाठी म्हणून सुरू केली होती, घरून करता येते आणि सात हजार डॉलर मानधन मिळतं. आपल्या किती मुलींना हे नाव तरी माहितीय?

तर माझं कॉलेजांकडे आणि विद्यापीठांकडे मागणं फार मोठं नाही. क्रिकेटच्या टीमला, युवक महोत्सवाला जाणाऱ्यांना हजेरीत सवलत मिळते, तीच यांना द्या. शिक्क्याचं सर्टिफिकेट मागू नका, त्यापेक्षा परत आल्यावर त्याला वर्गात अर्धा तास उभं करा, कुणाला भेटलास, काय शिकलास, आता पुढं कशावर काम करणार ते सांग म्हणा. जो नुसता फिरून आलाय तो पाचव्या मिनिटाला अडकतो, कुठलाही शिक्का एवढी तपासणी करत नाही. आणि दोन बस भरून शंभर पोरं नेण्याचा उत्साह तर कृपा करून दाखवू नका. पाच न्या, पण ज्यांनी आधी काही पाठवलंय अशी न्या, वर्ष कुठलं आणि पॉइंटर (मार्कांची सरासरी) किती ते न बघता. तालुक्याच्या कॉलेजांची ऑडिटोरियम गॅदरिंग सोडलं तर कुलूप लावूनच असतात, तिथं शनिवारी दुपारी एक मीटअप होऊ द्या, पुण्यातून येऊन बोलणारे मिळतील, एसटीने येतील, हार-तुरे आणि दीपप्रज्वलन नसलं तरी चालेल, वायफाय आणि प्लग पॉइंट तेवढे चालू ठेवा.

आणि एक काम तुमच्याकडे. तुमच्या पेपरात ‘आज शहरात’ म्हणून सदर असतं, कीर्तन कुठं, पुस्तक प्रकाशन कुठं, रक्तदान शिबिर कुठं. त्यात या मीटअपची एक ओळ टाकायला लागा, दिवस, वेळ, ठिकाण. प्रवेश बहुतेक वेळा फुकटच असतो. माहिती कुठून घ्यायची असा प्रश्न असेल तर आयोजकांशी गाठ मी घालून देतो, माझा नंबर पाकिटावर लिहिलाय.

आपला,
एक प्रोग्रॅमर वाचक
(गाव सांगली, सध्या मुक्काम पुणे)