वासराला आधी प्राणवायू, मग इंजेक्शन

महोदय,

मी गेली २२ वर्षे गावोगाव अडलेल्या गाई-म्हशी सोडवतो. वासरू निपचित बाहेर आले की गोठ्यातून पहिली हाक येते, ‘डॉक्टर, श्वासाचं इंजेक्शन द्या!’ हे औषध म्हणजे डॉक्साप्रॅम. ते मेंदूतल्या श्वसनकेंद्राला चेतवते. भूल दिल्यानंतर श्वास मंदावलेल्या कुत्र्या-घोड्यांना ते देतात. सिझेरियनने जन्मलेल्या पिल्लांच्या जिभेखाली त्याचे थेंब सोडतात. पण त्याचा परिणाम काही मिनिटांचाच असतो. शिवाय ते मेंदूची प्राणवायूची गरज वाढवते. ज्या वासराच्या नाकातोंडात चिकटा अडकला आहे, त्याने हा वाढीव प्राणवायू आणायचा कुठून?

म्हणून आधी बोटांनी तोंड-नाक साफ करावे, वासराला छाती जमिनीला टेकवून बसवावे, कोरड्या पोत्याने खसाखसा चोळावे. नाकपुडीत गवताची काडी फिरवावी, डोक्यावर गार पाणी ओतावे. कितीतरी वासरे एवढ्यानेच धाप टाकून श्वास घेऊ लागलेली मी पाहिली आहेत. आणि कृपा करून वासराला मागच्या पायांनी उलटे टांगू नका! तोंडातून गळणारे पाणी बहुतेक पोटातले असते, आणि आतड्यांचा भार श्वासपटलावर पडून श्वास आणखी कोंडतो.

शासनाला विनंती, की प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात प्राणवायूचा छोटा सिलिंडर आणि वासराच्या तोंडाला बसेल असा मास्क द्यावा. गोठ्यावर नेता येईल, एवढाच हवा.

– एक पशुवैद्यक, जि. सातारा