सही करायची घाई नको

सातारा, रविवार

चि. केदार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू एवढं सांगत होतास, पण आजी शेजारी बसून "नीट जेवतो ना तो?" हेच विचारत राहिली आणि माझं बोलणं राहूनच गेलं. म्हणून लिहितेय.

तर तिकडे अमेरिकेत शनिवारपासून ते डॉक्टर तुझ्याकडे विमान शिकणार. साठी उलटलेली, नाव मोठं, विमान स्वतःचं आणि तेही बोनान्झा, एका इंजिनाचं पण वेगवान. तू म्हणालास, "आई, त्यांना मधेच थांबवायला जीभ रेटत नाही." मला हसू आलं. मोठी माणसं बोलत असताना मधे तोंड घालायचं नाही, हे तुला मीच शिकवलंय. ते आता घरापुरतं ठेव. शिकवणाऱ्याच्या उजव्या सीटवर बसलास की वयाचा मान आणि फीचा मान दोन्ही दाराबाहेर.

या विमानाला लोकांनी काय नाव ठेवलंय ते तुला ठाऊक आहेच, 'डॉक्टरांना मारणारं'. 1947 साली ते बाजारात आलं, तेव्हापासून ते परवडायचं डॉक्टर, वकील, व्यापारी अशांनाच. जुन्या व्ही आकाराच्या शेपटीच्या मजबुतीत खोट होती हे खरं, त्यावर पुढे 1980 च्या दशकात दुरुस्ती सक्तीची झाली. पण सगळं खापर शेपटीवर फोडू नये. पैसा मुबलक, सरावाला वेळ नाही आणि दिवसभर आपला शब्द कुणी खाली पडू देत नाही, असा माणूस वेगवान विमानात बसला की त्याला परत फिरायचं सुचतच नाही. संध्याकाळी घरी पोचायचं म्हणजे पोचायचंच, मग समोर वादळ का असेना.

अमेरिकेतला नियम तू पाठ केला असशील. इंजिन 200 अश्वशक्तीच्या वर असेल तर शिकवणाऱ्याची लॉगबुकात, म्हणजे वैमानिकाच्या नोंदवहीत, सही लागते. बोनान्झाची चाकं आत जातात आणि प्रॉपेलरची पाती फिरवता येतात, म्हणून आणखी एक सही. पण किती तास शिकवायचं, ते नियमात कुठेच नाही. विमा कंपनी तास मागेल, तो तिचा हिशोब. माणूस तयार झाला की नाही, हे ठरवायचं फक्त तू. डॉक्टर विचारतील, "किती वेळात होईल?" आकडा सांगू नकोस. सांगितलास की तो ठरलेला भाव होतो आणि पुढे प्रत्येक वेळी त्यावर घासाघीस.

पहिले दोन-तीन दिवस त्यांना फक्त खाली यायला शिकव. आजवर ते सेस्ना 172 हे साधं, सावकाश विमान उडवत आलेत, तिच्यात विचार करायला सवड मिळते. आपल्याकडचंच गणित घे. साताऱ्याहून कोल्हापूरला निघालास आणि उतरण्याआधी 8 हजार फूट खाली यायचंय. मिनिटाला 500 फुटांनी आलास तर 16 मिनिटं लागतात. सेस्नाने कराडच्या आसपास उतरायला सुरुवात केली तरी निभतं. बोनान्झा 180 नॉटने, म्हणजे ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या वर, येत असेल तर तेवढ्यात जवळपास 90 किलोमीटर कापते, म्हणजे नागठाणं मागे पडलं की लगेच खाली यायला लागायला हवं. डॉक्टर तेव्हा खिडकीतून ऊस बघत असतील. मग कोल्हापूर समोर येतं, विमान अजून उंच आणि वेगात, आणि माणूस नाक खाली दाबतो. वेग आणखी वाढतो, चाकं सोडायच्या मर्यादेच्या वर जातो, आणि मग सगळ्याच गोष्टी एकदम करायच्या येतात. पुढच्या दहा मिनिटांत काय करायचंय ते त्यांच्याकडून मोठ्याने वदवून घे. गप्प बसले की समज, विमान पुढे गेलंय आणि डॉक्टर मागे राहिलेत.

दुसरी गोष्ट गो-अराउंड, म्हणजे उतरता उतरता बेत रद्द करून पुन्हा वर जाणं. माझ्या मते खरी परीक्षा इथेच आहे, आणि नेमकं हेच शिकवायचा सगळ्यांना कंटाळा. विमान उतरायला आलंय, वेग कमी, फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) पूर्ण खाली, ट्रिम (नाकाचा कल धरून ठेवणारी योजना) नाक वर धरून बसलेलं. अशात तीनशेच्या घरातली अश्वशक्ती एकदम सोडली की नाक आपोआप वर उठतं आणि विमान डावीकडे ओढ घेतं. सेस्नात हे चुचकारून निभतं, इथे नाही. लुनावरून थेट बुलेटवर बसल्यासारखं होतं. तू त्यांच्या उजव्या पायाकडे बघ. इंजिनाची ताकद वाढवणारा थ्रॉटल पुढे जाताना बुटाची टाच जागेवर आणि चवडा रडरच्या, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या, पॅडलवर दाबलेला दिसला पाहिजे. हात पुढे आणि पाय तसाच सैल असेल, तर तो माणूस अजून सेस्नातच आहे. आधी उंचावर करून घे, जमीन लांब असताना. खाली धावपट्टीवर मग न सांगता, अवचित.

आता स्विचचं. जुन्या बोनान्झात चाकांचा आणि फ्लॅपचा स्विच नेहमीच्या उलट बाजूला असतो. विमान टेकलं, माणूस खूश झाला, फ्लॅप उचलायला हात गेला आणि चाकं आत. विमान धावपट्टीवर पोटावर बसतं, प्रॉपेलरची पाती वाकतात, इंजिन उघडावं लागतं. असं झालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि तो माणूस काही नवशिका नव्हता. म्हणून मी विमान शिकवायचे तेव्हा माझ्याकडे एकच रीत होती. धावपट्टीवरून बाहेर येऊन विमान पूर्ण थांबेपर्यंत कुठल्याही स्विचला हात लावायचा नाही. थांबल्यावर बोट स्विचवर ठेवायचं, नाव मोठ्याने म्हणायचं, मी 'हो' म्हटलं की मग उचलायचं. मोठमोठ्या साहेबांना हे बालवाडीतल्यासारखं वाटायचं. वाटू दे. सिरस कंपनीचं पंख्याचं छोटं विमान उडवणारे या बाबतीत सुखी, त्यांची चाकं आत जातच नाहीत.

आणि 'नाही' म्हणण्याचं. माझे एक विद्यार्थी होते, बडं प्रस्थ. एका दुपारी वादळाची रांग वाटेत होती आणि त्यांना निघायचंच होतं. वर मी बाई, त्यामुळे त्यांना आणखीच झोंबलं. म्हणाले, "मी तुम्हाला पैसे देतो." मी म्हटलं, "शिकवण्याचे देता, सहीचे नाही." ते तडक निघून गेले. पुढच्या आठवड्यात दुसरा प्रशिक्षक गाठला असं कानावर आलं. फी बुडाली, वाईट वाटलं, पण त्या रात्री मला झोप छान लागली. तुझ्यावरही ही वेळ येईल. आवाज चढवू नकोस, लांबण लावू नकोस. कारण एका वाक्यात सांग आणि विमानातून आधी स्वतः उतर. उतरलेल्या माणसाशी वाद घालायला कुणाला फार जोर राहत नाही.

पैशांची ओढ असेल हे मला कळतं. उड्डाणाचे तास भरायचेत, घराचं भाडं आहे. पण पैशांची गरज पडली की तू पटकन हो म्हणतोस, हे तुझं मला माहीत आहे.

कंदी पेढे बाबांनी पाठवलेत, मिळाले की कळव. आजीचा गुडघा तसाच आहे, डॉक्टर बदलून झाले.

शनिवारी उडून आलास की फोन कर. तुझी दुपार म्हणजे इथे रात्रीचे दहा-साडेदहा, मी जागीच असते. पण त्याआधी एक काम कर. ते विमान कोणत्या सालचं आहे ते डॉक्टरांना विचार. 1984 च्या आधीचं असेल तर स्विचची बाजू स्वतः हात लावून बघ आणि मला मेसेज टाक.

तुझी,
आई