ताई, आता विषय टाळू नका

ताई,

माझ्या संगणकावर जावा बसवून दिलंत म्हणून फोनवर आभार मानायला गेलो तर "अहो, एवढ्याशासाठी काय!" म्हणून तुम्ही विषय उडवून लावलात. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. आता ऐकून घ्यावंच लागेल.

संगणकावर ओपनजेडीके, म्हणजे जावा भाषेत प्रोग्राम लिहून चालवायला लागणारा फुकट संच (जेडीके), घालणं हे ज्यांना येतं त्यांच्या लेखी काम नव्हेच. "डाउनलोड करायचं, नेक्स्ट नेक्स्ट करायचं, झालं." हे वाक्य ते इतक्या सहज टाकतात की ज्याचं अडलंय त्याने पुढे विचारायचं तरी कसं?

ज्या क्लासला पैसे भरले होते तिथल्या सरांनी एक छापील कागद हातात ठेवला होता. क्लासपाथमध्ये, म्हणजे जावा लागणाऱ्या फाइली जिथे शोधतं त्या यादीत, टूल्स डॉट जार या फाइलचा पत्ता टाका, असं त्यात ठसठशीत लिहिलेलं. ती फाइल काही केल्या सापडेना. सरांना विचारलं तर म्हणाले, "बाकी सगळ्यांचं झालं, तुमचंच कसं होत नाही?" २०१७ साली जावा ९ आलं तेव्हापासून जेडीकेत ती फाइलच नसते, हे मला तुमच्याकडून कळलं. आतलं जेआरईचं, म्हणजे प्रोग्राम नुसता चालवणाऱ्या भागाचं, वेगळं फोल्डरही तेव्हाच गेलं म्हणे. म्हणजे कागद जावा ८ च्या जमान्यातला, आणि सर तो आजही वाटताहेत. बाकी सगळ्यांचं कसं झालं, हे एक त्यांनाच ठाऊक.

मग आमच्या नात्यातले एक जाणकार. त्यांनी लांबूनच माझ्या स्क्रीनचा ताबा घेतला, भराभर काहीतरी उघडलं, मिटलं, "झालं" म्हणाले आणि गेले. झालं होतं ते असं, की जावा-सी (प्रोग्राम कंपाइल करणारं, म्हणजे चालवण्याजोग्या रूपात आणणारं) आपली आवृत्ती २१ सांगत होतं आणि जावा (तो चालवणारं) सांगत होतं ८. प्रोग्राम कंपाइल व्हायचा, पण चालवायला गेलं की अडायचा. त्यांना पुन्हा फोन केला तर सल्ला मिळाला, "विंडोजच नव्याने टाक."

तुम्ही काय केलंत? तो एररचा मजकूर मला पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचायला लावलात, आकड्यांसकट. कंपाइल होऊन बनलेली क्लास फाइल ६५ ची आहे, इथल्या जावाला ५२ पर्यंतचंच कळतं. ६५ म्हणजे जावा २१, ५२ म्हणजे जावा ८. इतके दिवस जो मजकूर मला घाबरवत होता, त्यातच उत्तर लिहिलेलं होतं! कुठल्यातरी सॉफ्टवेअरबरोबर आलेलं जुनं जावा सिस्टिमच्या पाथमध्ये (विंडोज प्रोग्राम ज्या फोल्डरांत शोधतं त्यांच्या यादीत) बसलेलं, नवं मात्र माझ्या युजरच्या पाथमध्ये घातलेलं. विंडोज आधी सिस्टिमचा पाथ बघतं, त्यामुळे जुनंच पुढे यायचं. जावा-सी तेवढं नव्यातच होतं, म्हणून ते बरोबर बोलायचं.

इथे थांबला असतात तरी मी जन्मभर ऋणी राहिलो असतो. पण सगळं साफ करून पहिल्यापासून घालू या म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "थांबा. मी हे शेवटचं कधी घातलं तेच आठवत नाही. आठवणीतून सांगितलं तर त्या कागदासारखंच व्हायचं. मी माझ्याकडचंही काढते, बरोबरच घालू."

आणि काढलंत! ज्यावर तुमचं रोजचं काम चालतं ते, व्यवस्थित चालणारं जेडीके. प्रोग्रामिंग करणारी माणसं चालत्या मशीनला बोट लावत नाहीत, एवढं तर मलाही माहीत आहे. तुम्ही एका नवख्यासाठी ते सरळ उडवलंत. मग दोघांनी मिळून टेमुरिनचा, म्हणजे ओपनजेडीकेच्याच एका तयार रूपाचा, इन्स्टॉलर चालवला. त्यात जावा-होम (जावा कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते बाकी प्रोग्रामांना सांगणारी नोंद) ठरवण्याचा पर्याय आधीपासून निवडलेला नसतो, तो आपण निवडावा लागतो. तो दिसल्यावर तुम्ही हसलात, "बघा, हे मी साफ विसरले होते!" तुमच्या मशीनवर ते केव्हाच लावून झालेलं होतं, त्यामुळे आठवायचं कारणच नव्हतं. आठवणीवर गेलो असतो तर मी पुन्हा तिथेच अडकलो असतो.

हुशार माणसं पुष्कळ भेटतात हो. पण समोरच्याचं अडलंय कुठे ते बघायला पुन्हा पहिल्या पायरीवर येऊन उभं राहायचं, तेही त्याला लहान न करता, हे फार थोड्यांना जमतं. सन मायक्रोसिस्टिम्सने २००६ मध्ये जावाचा सोर्स खुला करायची घोषणा केली, पुढच्या वर्षी बहुतेक सगळा खुलाही केला. तेव्हापासून कितीतरी लोक त्यावर राबताहेत आणि मला ते एक पैसा न देता मिळतं. त्यांचेही आभार मानायला हवेत. पण त्यांचं काम माझ्या टेबलापर्यंत पोचलं ते तुमच्यामुळे.

आता जावा २५ आलंय, तेही दीर्घ मुदतीच्या सपोर्टचं. ते माझं मी घालणार आहे. अडलं तर फोन करेन, पण एका अटीवर: या वेळी तुमच्याकडचं काढायचं नाही.

तुमचा,
नवशिका