तुझी जुनी हॉकी स्टिक

भुसावळ,
मे महिन्याचा शेवटचा आठवडा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. लेकीच्या हॉकी स्टिकचा रंग उडाला आहे, ती घरीच घासून पुन्हा रंगवावी असे तुझ्या मनात आहे आणि त्यासाठी कोणत्या नंबरचा पॉलिश पेपर आणावा, असे तू विचारले आहेस. एका ओळीचे उत्तर देता आले असते; पण नागपूरला जाताना तू आमच्या माळ्यावर ठेवून गेलेली तुझी लाकडी स्टिक गेले बारा दिवस माझ्या हातात आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

आपण दर दिवाळीला घराच्या रंगकामातून जो डबा उरे त्यातला रंग तिला फासत असू, हे तुला आठवत असेल. फाटकाचा हिरवा, कपाटाचा निळा, तुळशीवृंदावनाच्या कडेचा लाल, असे थरावर थर चढून तिची कड बोथट झाली होती. नियमाप्रमाणे स्टिक ५१ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या कड्यातून पार व्हावी लागते आणि वजन ७३७ ग्रॅमच्या वर जाता कामा नये. वजनाचा प्रश्न नव्हता, कारण किराणा दुकानातल्या काट्यावर ती ६०४ ग्रॅम भरली. जाडीची मात्र मला शंका आली, कारण त्या मापात लाकूड, रंग, पट्टी असे सगळेच धरले जाते.

आधी मुठीवरची कुजकी पट्टी सोडवली आणि ८० नंबरच्या कागदाने घासायला घेतले. हा जुना ऑइल पेंट होता. घरगुती रंगांतील विषारी शिशावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा २०१७ पासून आली, त्यापूर्वीच्या रंगात किती शिसे असेल हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून मी नाकावर मास्क लावून, पाणकागद ओला करून अंगणाच्या कडेला घासत बसलो आणि निघालेला चिखल जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून टाकला. नातवंडांना त्या बाजूला फिरकू दिले नाही.

चेंडू फक्त सपाट बाजूने आणि तिच्या कडांनीच खेळायचा असल्यामुळे ती बाजू सपाटच राहिली पाहिजे. नुसत्या बोटांनी कागद दाबला की बोटांखाली खळगे पडतात, म्हणून तिथे लाकडाच्या ठोकळ्याला कागद गुंडाळून लाकडाच्या रेषेतच घासावे. मागची गोल बाजू हाताने केली तरी चालते. ८० नंतर १२०, त्यानंतर २२०; नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. मग ओल्या फडक्याने पुसून वाळू दिले, की लाकडाची बारीक कुसे उभी राहतात. ती पुन्हा २२० नेच हलक्या हाताने काढायची. रंग संपला आणि तुतीचे पिवळसर लाकूड वर आले, तेव्हा वाकवलेल्या टोकाशी त्याच्या रेषा कशा वळणाबरोबर वळत जातात हे मी कितीतरी वेळ पाहत राहिलो. ते टोक कापून काढलेले नसते, वाफ देऊन वाकवलेले असते, म्हणूनच ते इतके मार खाते.

आणि मग, मुठीचा वेत जिथे लाकडात पाचरीसारखा बसवलेला असतो त्या सांध्यावर, लाल रंगाच्या खाली, मला दोरा दिसला. तुझ्या वडिलांनी गुंडाळलेला. आंतरशालेय सामन्याच्या आदल्या रात्री सांधा हलायला लागला होता आणि तू जेवला नव्हतास. काकांनी चुलीवर सरस गरम करून त्यात भिजवलेला दोरा एकाला एक चिकटवून गुंडाळला होता. मी वेढे मोजले, सतरा आहेत. एकही वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही आणि शेवटचे टोक आत असे ओवले आहे की ते शोधायला मला भिंग लागले. मी तिथे कागद लावलाच नाही. तेवढ्या चार बोटे जागेवर आता रंग नाही, फक्त पारदर्शक वॉर्निशचे दोन हात आहेत.

टोकाखालची कड मुरमाच्या मैदानाने खाल्ली होती. भिंतीच्या भेगांत भरतात ती लांबी (पुट्टी) तिथे टिकत नाही, पहिल्याच फटक्याला तडकून पडते. स्वच्छ लाकडाचा भुसा मी वेगळा जपून ठेवला होता, तो इपॉक्सी डिंकात कालवून भरला आणि दुसऱ्या दिवशी घासून सपाट केला.

रंगाच्या बाबतीत मात्र माझी एक चूक झाली. पहिला हात मी दुपारी गच्चीवर दिला. इथले मे महिन्यातले ऊन तू विसरला नसशील, पारा ४४ वर होता. वरची साय तासाभरात वाळली, आतला रंग ओलाच राहिला आणि सगळा पृष्ठभाग सुरकुतला. वर धूळ बसली ती निराळीच. ते सगळे पुन्हा खरवडावे लागले. नंतर प्रायमर आणि एनॅमलचे दोन पातळ हात पहाटे, मधल्या खोलीत, स्टिक सुतळीने आढ्याला टांगून दिले, प्रत्येक हातामध्ये पूर्ण एक दिवस ठेवला आणि मधे ४०० नंबरचा कागद नुसता फिरवला. आता वजन ५९२ ग्रॅम आहे. रंग निळाच ठेवला आहे.

आता तुझ्या लेकीच्या स्टिकचे. तिची स्टिक लाकडाची नाही, काचतंतू आणि कार्बनची आहे, आणि वर लिहिलेले जवळजवळ काहीही तिला लागू नाही. तिथे ताकद त्या तंतूंच्या थरांत असते. ८० नंबरने घासलेस तर रंगाबरोबर तंतूही कापले जातील आणि त्यांची धूळ कातडीला खाजवते, छातीत गेली तर त्याहून वाईट. खेळायला रंग लागत नाही, तेव्हा माझे मत विचारशील तर तिला हातच लावू नये. लेकीला हौसच असेल, तर ४०० चा पाणकागद ओला करून फक्त चकाकी मोडावी, काळे किंवा पांढरे धागे दिसू लागताच थांबावे आणि एकच पातळ हात द्यावा. त्याआधी स्टिक उभी धरून फरशीवर हलके आपटून पाहा. आवाज खणखणीत न येता बद्द आला, तर आत चीर असण्याची शक्यता आहे. अशा स्टिकवर रंग चढवून चीर झाकू नकोस, ती बदलच.

तुझी ही स्टिक महाराष्ट्र एक्सप्रेसने येणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांबरोबर पुढच्या रविवारी पाठवतो; वाळलेल्या केळीच्या पानांत बांधली आहे. सामन्यात ती वापरू देऊ नकोस, कारण त्या सांध्याचे वय झाले आहे. अंगणात चेंडू ओढण्याच्या सरावाला ती उत्तम आहे. मुठीला पट्टी मी मुद्दामच गुंडाळलेली नाही. लेकीच्या हाताचा अंदाज घेऊन ती तूच गुंडाळ, वरून खाली, आणि काकांच्या सतरा वेढ्यांच्या अलीकडे थांब.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
भुसावळचा मित्र