तुझं पत्र, माझी लाल पेन्सिल

चि. ओंकार,

तुरुंगातल्या कैद्याला लिहायच्या पत्राचा तुझा मसुदा मिळाला. अक्षर नेहमीसारखंच, वाचणाऱ्याची परीक्षा पाहणारं. हे पत्र त्या माणसाच्या आधी तुरुंगातला कर्मचारी वाचणार आहे. त्याला अक्षर लागलं नाही तर ते टेबलावरच पडून राहील, म्हणून सावकाश लिहून काढ.

तिसऱ्याच ओळीत तू विचारलंयस, ‘तुम्हाला शिक्षा कशाबद्दल झाली?’ ती ओळ आधी काढ. पोलिसांनी, वकिलांनी, न्यायाधीशांनी त्याला तेच विचारून झालंय. शिवाय पत्र तिसरा माणूस वाचतो आणि अपील चालू असेल तर उत्तर त्याच्याच अंगाशी यायचं. माझ्या पत्रमित्रानं मला चौथ्या वर्षी आपणहून सांगितलं. दीड पान, खाडाखोड न करता. खून होता. ते पत्र मी तीन दिवस तसंच ठेवलं, मग लिहिलं की वाचलं, आणि नेहमीसारखं पुढचं लिहिलं. पण जो गेला त्याच्या घरी कोणी दोन ओळी लिहिल्या असतील का, हा प्रश्न मला तेव्हा पडला तो आजही सुटलेला नाही. तुलाही पडेल. पडू दे.

एका पत्रानं काय होतं, असं तू फोनवर म्हणालास. नेल्सन मंडेलांना १९६४ साली जन्मठेप होऊन रॉबेन बेटावर नेलं, तेव्हा सुरुवातीला त्यांना सहा महिन्यांत एक पत्र लिहायची मुभा होती, तेही ५०० शब्दांचं. आलेल्या पत्रांतला नको तो मजकूर आधी शाईनं काळा करत. कैदी शाई धुऊन वाचतात हे लक्षात आल्यावर परिच्छेदच पात्यानं कापून काढू लागले. कागद पाठपोट लिहिलेला असला की मागचा निर्दोष मजकूरही जायचा. तेव्हापासून मी कागदाच्या एकाच बाजूला लिहितो. आज असं कापत नसतीलही, पण सवय लागली ती लागली. पुढे संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये कैद्यांसाठी जे किमान नियम नव्यानं केले त्यांना मंडेलांचंच नाव आहे. घरच्यांशी आणि मित्रांशी पत्रव्यवहार करता यावा, हे त्यातल्या ५८व्या नियमात आहे.

तरीही प्रत्येक तुरुंगाचं आपलं वेगळं असतं. काही ठिकाणी मूळ कागद हातीच पडत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यानं २०१८ पासून पत्रं फ्लोरिडातल्या एका कंपनीकडे वळवली. तिथं ती स्कॅन होऊ लागली आणि कैद्याला मिळू लागली ती प्रत. कागदाला अमली पदार्थ लावून पाठवतात, हे कारण. ते खोटं नाही, पण आईच्या हातचा कागद आणि त्याची प्रत यांत फरक आहेच. तू पाठवणार आहेस तिथले नियम आधी वाच. पाकिटावर त्याचं पूर्ण नाव आणि कैदी क्रमांक हवाच. अत्तर, चिकटचित्रं, चमकी, रोख पैसे काही नको. प्रत्येक पत्रावर तारीख आणि अनुक्रमांक टाक. पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडतात आणि मग कोण कशाचं उत्तर देतंय ते कळेनासं होतं. परतीचा पत्ता पत्रमैत्री जुळवून देणाऱ्या संस्थेचा दे, घरचा नको. पैसे मागितले तर पहिल्याच वेळी स्वच्छ नाही म्हण. प्रेमाच्या गोष्टी सुरू झाल्या तरी तेच. चिडून लिहायची गरज नाही.

मग लिहायचं काय? तू सहानुभूतीचा एक आख्खा परिच्छेद लिहिलायस. तो छान आहे आणि त्याचा काही उपयोग नाही. मांजरानं पडदा ओढून खाली पाडला, हे तू शेवटी दोन ओळींत गुंडाळलंस. ते वर आण, पानभर लिही. माझ्या माणसानं एकदा विचारलं होतं, ‘तुमच्या घरी रात्री पूर्ण अंधार होतो का?’ त्याच्या कोठडीत रात्रभर एक दिवा जळतो, कित्येक वर्षं. मी सगळे दिवे मालवून बसलो. आधी दाराची कड दिसते, मग खुर्चीची पाठ, आणि आपला हात सगळ्यात शेवटी. तेवढंच लिहून पाठवलं. ते पत्र शेजारच्या कोठडीतही वाचून दाखवलं, असं त्यानं कळवलं.

आता तुला कधी न सांगितलेलं. तुझी आजी अंथरुणाला खिळली त्या वर्षी मी सात महिने त्याला काही लिहिलं नाही. कळवलंही नाही. त्याची पाच पत्रं आली, शेवटची दोन मी फोडलीही नव्हती. उघडली तेव्हा एकात होतं, ‘आजारी असाल तर जपा. माझं काही चुकलं असेल तर ते कोणत्या पत्रात, एवढं कळवा.’ पाठवलेल्या प्रत्येक पत्राची त्यानं हातानं नक्कल करून ठेवली होती आणि त्या सगळ्या नकला तो पुन्हा वाचत बसला होता, चूक शोधत. मी वाईट वागलो होतो आणि गुन्हा तो शोधत होता. आई आजारी आहे, तीन महिने जमणार नाही, एवढी एक ओळ पुरली असती. ती लिहायला मला दोन मिनिटं लागली नसती.

म्हणून तुझ्या मसुद्यातली शेवटची ओळ, ‘मी तुम्हाला नेहमी लिहीत राहीन’, तिच्यातला ‘नेहमी’ मी लाल पेन्सिलीनं खोडलाय. पुढच्या जूनमध्ये तुझी परीक्षा आहे, त्यानंतर कुठं असशील तुलाच ठाऊक नाही. तिथं लिही, ‘दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लिहीन. जूनमध्ये जमणार नाही.’

तुझा,
बाबा

ता. क. पानांना स्टेपल मारलंयस, ते काढ. त्यासाठी अख्खं पाकीट परत येऊ शकतं.